कारखान्यातल्या स्विचकडून आकडे कसे घ्यायचे: झॅबिक्स, प्रोमिथियस, टेलिग्राफ की लिब्रेएनएमएस?

आमच्या साखर कारखान्यात बगॅस कन्व्हेयरच्या कडेने गेलेली फायबर उंदरांनी कुरतडली आणि कोणालाच पत्ता लागला नाही. लागायचं कारणही नव्हतं. मिल हाऊस, बॉयलर, को-जन (वीजनिर्मिती) आणि वॉटर ट्रीटमेंट एकाच रिंगवर, म्हणजे वर्तुळात जोडलेल्या नेटवर्कवर. एका बाजूची फायबर गेली की स्विच दुसऱ्या बाजूने वाट काढतात. एमआरपी (मीडिया रिडंडन्सी प्रोटोकॉल) पद्धतीच्या रिंगमध्ये पन्नास स्विचपर्यंत हे काम साधारण २०० मिलिसेकंदांत उरकतं. स्काडावर, म्हणजे कंट्रोल रूममधल्या पडद्यावर, एक आकडासुद्धा हलला नाही. एकोणीस दिवसांनी वेल्डिंगच्या ठिणगीने दुसऱ्या बाजूची केबल जळली, तेव्हा मात्र बॉयलरचं रिमोट आयओ पॅनेल (सेन्सर आणि व्हॉल्व्ह जिथे जोडतात ते) गेलं, बॉयलर बसला, आणि ऐन गळितात चार तास ऊस गव्हाणीत तसाच पडून राहिला.

पहिल्या दिवसापासून स्विचला सगळं माहीत होतं. रिंगच्या पोर्टवरचा दिवा विझला होता आणि ‘पोर्ट डाऊन’ ही नोंद त्याच्या पोटात पडून होती. त्याला विचारणारं कोणी नव्हतं, एवढंच. त्यानंतरच्या ऑफ-सीझनमध्ये मी स्विचना विचारून आकडे गोळा करणाऱ्या, वर नाव घेतलेल्या चार प्रणाली लावून पाहिल्या. तीस-चाळीस मॅनेज्ड (विचारलं की स्वतःची अवस्था सांगणारे) स्विच, दोन-चार रिंगा आणि नेटवर्क सांभाळायला एक-दीड माणूस अशी ज्यांची स्थिती आहे, त्यांना डोळ्यासमोर ठेवून हे लिहितोय.

आधी भाषा, मग हत्यार

डीआयएन पट्टीवर बसणारा, २४ व्होल्ट डीसीवर चालणारा औद्योगिक स्विच बहुधा एकाहून जास्त भाषा बोलतो. एसएनएमपी, म्हणजे नेटवर्कच्या उपकरणांना त्यांची तब्येत विचारायची भाषा, तर जवळजवळ सगळ्याच मॅनेज्ड स्विचना येते. बऱ्याच स्विचमध्ये मॉडबस टीसीपी, प्रोफीनेट किंवा ईथरनेट-आयपी या यंत्रांच्या भाषा असतात, आणि काही नव्या मॉडेलमध्ये ओपीसी यूएसुद्धा. मग विचारायचं कोणत्या भाषेत?

माझं उत्तर: पाया एसएनएमपीचाच ठेवा. १९८८ पासूनची ही भाषा जुनाट दिसते, पण पोर्ट चालू आहे का, किती बाइट गेले, किती चुका झाल्या, हे सांगण्याची तिची रीत सगळ्या कंपन्यांत एकच आहे. पोर्टची अवस्था सांगणारा ओआयडी (आकड्याचा अंकांतला पत्ता) कोणत्याही स्विचवर १.३.६.१.२.१.२.२.१.८ नेच सुरू होतो. मॉडबसमध्ये असं काही नाही. कोणत्या रजिस्टरमध्ये काय ठेवायचं ते ज्याचं त्याने ठरवायचं. १९७९ साली मोडिकॉनने पीएलसीसाठी (यंत्रं चालवणाऱ्या कंट्रोलरसाठी) काढलेली ती भाषा, तिच्याकडून जास्त अपेक्षा करणंही बरोबर नाही. त्यात पासवर्ड नावाची गोष्टच नाही.

तरी मॉडबसचा एक फायदा सोडू नका. पाळीवरचा ऑपरेटर आठ तास स्काडासमोर बसलेला असतो, नेटवर्कच्या डॅशबोर्डसमोर नाही. रिंगच्या दोन पोर्टची अवस्था आणि दोन्ही वीजपुरवठ्यांची अवस्था, एवढ्या चारच गोष्टी मॉडबसवरून स्काडात आणून मिमिकच्या (पडद्यावरच्या प्लांटच्या चित्राच्या) कोपऱ्यात दाखवल्या की निम्मं काम होतं. दुहेरी पुरवठा असलेल्या स्विचचा एक पुरवठा महिनोन्‌महिने मेलेला असतो, कारण अलार्म रिलेच्या तारा कोणी जोडलेल्याच नसतात. आपल्या पॅनेलमध्ये एकदा डोकावून बघा.

ओपीसी यूए आणि एमक्यूटीटी यंत्रांच्या डेटासाठी उत्तम आहेत. एमक्यूटीटी तर १९९९ मध्ये तेलवाहिनीवरची माहिती उपग्रहातून कमी खर्चात आणायची म्हणून जन्मली, त्यामुळे दूरच्या जॅकवेलवरून मोबाइलच्या सिमवर आकडे आणायचे असतील तर तिच्याइतकं हलकं वाहन नाही. पण स्विचची तब्येत बघायला या दोन्हींच्या मागे लागण्यात अर्थ नाही.

आणि ट्रॅप? बिघाड झाला की स्विच स्वतःहून ओरडतो ते ट्रॅप. ऐकायला छान वाटतं. पण ट्रॅप यूडीपीवरून जातो, पोहोचला का हे कोणी बघत नाही, आणि नेटवर्क तुटतंय नेमक्या त्याच क्षणी तो निघतो. आग लागलेल्या घरातून पत्र टाकण्यासारखं. ट्रॅप घ्या, पण विसंबा पोलिंगवर, म्हणजे आपण ठरावीक वेळाने विचारत राहण्यावर.

चौघे एका नजरेत

| | झॅबिक्स | प्रोमिथियस | टेलिग्राफ | लिब्रेएनएमएस |
|---|---|---|---|---|
| सेटिंग न बदलता विचारण्याची गती | १ मिनिट | १ मिनिट | १० सेकंद | ५ मिनिटं |
| ट्रॅप | घेतो, थोडी जोडणी लागते | घेत नाही | प्लगइन आहे | घेतो, जोडणी लागते |
| मॉडबस | एजंट या जोड-प्रोग्रॅममधून | वेगळा एक्स्पोर्टर (दुभाषी प्रोग्रॅम) | उत्तम | नाही म्हणण्यासारखंच |
| मधली लिंक तुटली तर | प्रॉक्सी (प्लांटमधला मदतनीस प्रोग्रॅम) साठवून ठेवतो | तेवढे आकडे गेले | मेमरीत थोडे राहतात | तेवढे आकडे गेले |
| अलार्म | आतच | अलर्टमॅनेजर वेगळा | दुसरीकडे करावा लागतो | आतच |

यातल्या पहिल्या ओळीवर माझा चांगलाच घाम निघालाय. टेलिग्राफ लावला तेव्हा दहा सेकंदांची मूळ गती बदलायची मी विसरलो. एक जुना अठ्ठावीस पोर्टांचा स्विच, त्याला स्काडाचा ओपीसी सर्व्हर आधीच विचारत होता, त्यात माझी भर. त्याचं वेब पान उघडायला मिनिट लागायला लागलं. डेटा चालू होता, कारण पॅकेट पुढे ढकलायचं काम चिप करते. पण एसएनएमपीची उत्तरं देतो तो छोटासा सीपीयू, आणि काही स्विचमध्ये रिंग तपासण्याचे फ्रेमही तोच हाताळतो. ज्या रिंगेवर लक्ष ठेवायला निघालो तीच आपण विचारून विचारून पाडू की काय, अशी धाकधूक त्या दिवशी होती. तेव्हापासून औद्योगिक स्विचला मिनिटातून एकदाच विचारायचं, आणि एकाच ठिकाणाहून.

एकच आकडा, तीन वाटा

डॅशबोर्डची चित्रं बघून निवड करू नका, ती सगळ्यांचीच देखणी असतात. खरा फरक एखादा अडेलतट्टू आकडा घेताना कळतो. आमचा एक स्विच तापमान सांगताना संख्या देत नाही, अख्खा मजकूर देतो: ‘४३.५ सी’. बगॅसची भुकटी, बॉयलरची धग आणि पत्र्याची शेड. पॅनेलमधलं तापमान आम्हाला हवंच होतं. स्विचवर उणे ४० ते ७५ अंश लिहिलेलं असलं तरी पॅनेलमधला पॉवर सप्लाय तितका सोशिक नसतो.

झॅबिक्समध्ये आयटम उघडला, ओआयडी टाकला, प्रीप्रोसेसिंगच्या टॅबमध्ये ‘मजकुरातून संख्या काढ’ अशी रेग्युलर एक्स्प्रेशनची पायरी जोडली आणि तिथेच टेस्टचं बटण दाबून बघितलं. पाच मिनिटं, सगळं माउसने. मग तो आयटम टेम्पलेटमध्ये टाकला की त्या जातीचे सगळे स्विच झाले.

प्रोमिथियसला स्वतःला एसएनएमपी येत नाही. मध्ये एसएनएमपी एक्स्पोर्टर बसवावा लागतो. त्याची फाइल हाताने लिहिणं अवघड, म्हणून जनरेटर वापरायचा, आणि जनरेटरला स्विचच्या कंपनीची एमआयबी फाइल (कोणता ओआयडी म्हणजे काय ते सांगणारी) लागते. ती फाइल तिच्यासारख्याच आणखी तीन फायली मागते, त्यातली एक कंपनीच्या साइटवर नसते. ती मिळवली, रेग्युलर एक्स्प्रेशन लिहिलं, फाइल तयार केली, एक्स्पोर्टर रीलोड केला, तेव्हा दुपारचा चहा झाला होता. पण, आणि हा पण मोठा आहे, झालेलं काम मजकुराच्या फाइलमध्ये असतं. गिटमध्ये ठेवता येतं, कोणी कधी काय बदललं ते दिसतं, सर्व्हर जळाला तर अर्ध्या तासात सगळं जसंच्या तसं उभं राहतं. झॅबिक्सचं सारं डेटाबेसमध्ये. तिथे बॅकअपची शिस्त लागते, आणि ती किती जणांकडे असते ते आपण जाणतो.

टेलिग्राफ या दोघांच्या मधला. कॉन्फिगमध्ये अंकांचा ओआयडी आणि आपल्याला हवं ते नाव लिहिलं की चालतं, एमआयबीच्या मागे धावावं लागत नाही. मजकुरातून संख्या काढायला प्रोसेसर जोडला. वीस मिनिटं. फक्त लक्षात ठेवा, टेलिग्राफ हा हमाल आहे. तो आकडे उचलतो आणि टाकतो. साठवायला इन्फ्लक्स किंवा दुसरा डेटाबेस, बघायला ग्राफाना, ओरडायला आणखी काहीतरी.

लिब्रेएनएमएसची गंमत वेगळी. २०१३ मध्ये ऑब्झर्व्हियमपासून फुटून निघालेला हा प्रकल्प शेकडो प्रकारची उपकरणं मुळातच ओळखतो. स्विचचा पत्ता टाकला की तो स्वतःच पोर्ट, तापमान, शेजारी शोधून काढतो, आणि एलएलडीपीवरून (स्विच शेजाऱ्याला आपली ओळख सांगतो त्या पद्धतीवरून) कोण कोणाला जोडलंय त्याचा नकाशा काढतो. आमच्याकडे वर्षानुवर्षं नसलेलं नेटवर्कचं चित्र एका संध्याकाळी मिळालं, आणि त्यात कोणीतरी मधल्या काळात जोडून ठेवलेले दोन अनाहूत स्विचही सापडले. पण ते अडेलतट्टू तापमान त्याने ओळखलं नाही, आणि ओळखायला शिकवायचं तर त्याच्या व्याख्येच्या फायलींमध्ये हात घालावा लागतो. शिवाय आकडे जुने होत जातात तशी त्यांची सरासरी होत जाते. मागच्या हंगामातली दोन मिनिटांची उसळी यंदा शोधायला गेलात तर तिचा टेकाडही उरलेला नसतो.

आकडा खोटं बोलतो तेव्हा

पोर्टवरून किती बाइट गेले याचा जुना काउंटर ३२ बिटांचा. ४२९ कोटींच्या आसपास पोचला की तो पुन्हा शून्यावर येतो. १०० मेगाबिटची लिंक भरून वाहत असेल तर याला पावणेसहा मिनिटं लागतात. गिगाबिटवर फक्त ३४ सेकंद. म्हणजे मिनिटाला एकदा विचारलं तरी मधल्या वेळात काटा फिरून आलेला असतो, आणि आलेख शांतपणे चुकीचं चित्र काढत राहतो.

इथे तिघांचं वागणं बघण्यासारखं आहे. नवा आकडा आधीपेक्षा लहान आला की झॅबिक्स तो फरक टाकून देतो आणि पुढच्याची वाट बघतो. आलेखात फट दिसते. इन्फ्लक्समधलं नेहमीचं फंक्शनही उणे फरक गाळतं. प्रोमिथियस मात्र समजतो की उपकरण रीस्टार्ट झालं आणि मोजणी शून्यापासून सुरू झाली. फट दिसत नाही, आकडा कमी दिसतो. मला फट परवडते. फट दिसली की माणूस विचारतो तरी.

उपाय सोपा आहे: ६४ बिटी काउंटर वापरा. अट एकच, एसएनएमपीची पहिली आवृत्ती ६४ बिट वाहून नेऊच शकत नाही, किमान व्ही-टू-सी हवी. जुन्या स्विचवर अजून व्ही-वन चालू असेल तर आधी तेवढं बदला. झॅबिक्स आणि लिब्रेएनएमएसची तयार टेम्पलेटं ६४ बिटीच घेतात. टेलिग्राफमध्ये तुम्ही जे लिहाल ते.

मॉडबसकडे असला खोटेपणा वेगळ्या वाटेने येतो. ऊर्जा मीटरने २३० व्होल्ट पाठवले तर ते दोन रजिस्टरमध्ये, हेक्समध्ये लिहिलं तर ४३६६ आणि ००००, असे येतात. मीटरने शब्दांचा क्रम उलटा ठेवला असेल तर वाचणाऱ्याला आधी शून्य दिसतं आणि किंमत निघते दशांशचिन्हानंतर चाळीस शून्यं असलेली, म्हणजे पडद्यावर सरळ ०. मीटर चालू, तारा बरोबर, आणि व्होल्टेज शून्य. तारा तपासत बसण्याआधी टेलिग्राफच्या कॉन्फिगमध्ये बाइटचा क्रम ‘एबीसीडी’ ऐवजी ‘सीडीएबी’ करून बघा.

भिंतीच्या कोणत्या बाजूला?

आकडे गोळा करणारा प्रोग्रॅम प्लांटच्या नेटवर्कमध्ये ठेवायचा की ऑफिसच्या, हा प्रश्न लोक शेवटी विचारतात; तो पहिला विचारायला हवा. फायरवॉलमध्ये ऑफिसकडून प्लांटकडे वाट उघडणं मला पटत नाही, आणि औद्योगिक नेटवर्कच्या सुरक्षेचं मानक आयईसी ६२४४३ चा विभागवार संरक्षणाचा विचार ज्यांनी वाचलाय त्यांनाही पटणार नाही. वाट आतून बाहेर जाणारी असावी.

झॅबिक्स प्रॉक्सी इथे सर्वांना मागे टाकतो. प्लांटमध्ये एका लहानशा पंखाविरहित पीसीवर तो बसतो, सगळ्या स्विचना विचारतो, आणि आकडे स्वतःहून बाहेरच्या सर्व्हरकडे १००५१ या पोर्टवर पाठवतो. मधली लिंक तुटली तर मूळ सेटिंगप्रमाणे तासाभराचे आकडे धरून ठेवतो. हे वाढवता येतं, आम्ही एक दिवस ठेवलंय. टेलिग्राफही बाहेरच ढकलतो, पण न बदलता तो दहा हजार नोंदी मेमरीत ठेवतो आणि वीज गेली की त्याही गेल्या. प्रोमिथियस स्वभावतःच ओढणारा: तो बाहेर बसला तर आत वाट हवी. आत बसवून रिमोट राइटने बाहेर पाठवता येतं, पण मग आणखी एक भांडं घासायला आलं.

पासवर्डबद्दल थोडक्यात: व्ही-टू-सीचा कम्युनिटी शब्द तारेवर उघडाच जातो. ‘पब्लिक’ आणि ‘प्रायव्हेट’ बदला, लिहिण्याची परवानगी बंद करा, विचारणाऱ्या एकाच पीसीचा पत्ता स्विचमध्ये नोंदवा. जमेल तिथे व्ही-थ्री. ती चौघांनाही येते, फक्त जुन्या स्विचच्या सीपीयूवर तिचा भार जाणवतो.

मागचा हंगाम दाखव म्हटल्यावर

साखर कारखान्यात तुलना महिन्याची नसते, हंगामाची असते. प्रोमिथियस न बदलता पंधरा दिवसांचेच आकडे ठेवतो, हे कळेपर्यंत माझा पहिला महिना निम्मा उडाला होता. जागेचा प्रश्न नाही: चाळीस स्विच, प्रत्येकी तीनशे आकडे, मिनिटाला एकदा, एका आकड्याला एक ते दोन बाइट; वर्षाचे सहा ते तेरा जीबी. सेटिंग बदललं की झालं. झॅबिक्स बारीक आकडे काही आठवडे ठेवतो आणि तासाचे किमान, सरासरी, कमाल असे तीन आकडे वर्षभर. मला हे तासाचं कमाल फार उपयोगी पडलं, कारण सरासरीत जे लपतं ते त्यात दिसतं.

उदाहरण द्यायचं तर फायबरवरची प्रकाशशक्ती. मिल हाऊसच्या एका लिंकवर ती मोळी पडली तेव्हा उणे १८ डीबीएम होती, जानेवारीअखेर उणे २४. सहा डेसिबलने घट म्हणजे प्रकाश पावपटीवर आला. पोर्ट चालू, चुका शून्य, कोणतीही तक्रार नाही. कनेक्टर काढला तर टोकावर भुकटीचा थर. अल्कोहोलने पुसला, परत उणे १८. हा आकडा सगळ्या स्विचमध्ये मिळत नाही, एसएफपी मोड्यूलला (स्विचमध्ये खोचायच्या, फायबर जोडणाऱ्या तुकड्याला) मोजता येत असेल तरच मिळतो. पण मिळत असेल तर चार प्रणालींपैकी कोणतीही असो, तो पहिल्या यादीत घ्या.

मग मी काय ठेवलं

झॅबिक्स. कारण तांत्रिक कमी, माणसांचं जास्त आहे. रात्री तीनला अलार्म आला तर इन्स्ट्रुमेंटचा पाळीवरचा मुलगा पडदा उघडतो, लाल ओळ बघतो, ‘बघितलं’ म्हणून नोंद करतो, आणि अर्ध्या तासात सुटलं नाही तर मेसेज माझ्याकडे येतो. हे सगळं एकाच ठिकाणी. प्रोमिथियसमध्ये हेच करायला प्रोमिथियस, एक्स्पोर्टर, अलर्टमॅनेजर आणि ग्राफाना असे चार प्रोग्रॅम जिवंत ठेवायचे, आणि मी रजेवर असताना चौथा बंद पडला तर कोणाला विचारायचं?

तुमच्या कंपनीत आयटीची मंडळी आधीच सर्व्हरसाठी प्रोमिथियस चालवत असतील, तर उलटं. तिथे नवं बिऱ्हाड मांडू नका, एसएनएमपी एक्स्पोर्टर जोडा आणि त्यांच्याच अलार्मच्या रांगेत उभे राहा. फक्त एक करा: स्क्रेपची (एकदा आकडे ओढून आणण्याची) मुदत दहा सेकंदांची असते, ती जुन्या स्विचसाठी वाढवा आणि जनरेटरमध्ये नको असलेले तक्ते छाटा, नाहीतर निरोगी स्विच दर दोन मिनिटांनी मेलेला दिसेल.

टेलिग्राफही मी ठेवलाय, पण स्विचसाठी नाही. को-जनचे ऊर्जा मीटर आणि व्हीएफडी (मोटरचा वेग बदलणारे ड्राइव्ह) त्याच्याकडे आहेत. टर्बाइनचा लोड आणि नेटवर्कच्या चुका एकाच आलेखावर बघायच्या असतील, किंवा पीएलसीचे आकडे आणि स्विचचे आकडे शेजारी हवे असतील, तर त्याच्याइतका सोयीचा कोणी नाही. तुमचं मुख्य काम तेच असेल तर सरळ त्याच्यापासून सुरुवात करा. लिब्रेएनएमएस मी नकाशा छापून झाल्यावर बंद केला. पाच मिनिटांनी कळलेली तुटलेली रिंग मला चालली असती, खरं तर. पण दोन ठिकाणांहून एकाच स्विचला विचारायचं नाही हे मघाशीच शिकलो होतो.

निवड कोणतीही करा, बसवायचं काम बॉयलर अग्निप्रदीपनाच्या आधी उरका आणि प्रत्येक रिंगची एक फायबर हाताने काढून अलार्म येतो का ते बघा. आमच्या तीन रिंगांपैकी एका रिंगेचा आलाच नाही. टेम्पलेटमध्ये पोर्ट ९ आणि १० लिहिले होते, त्या स्विचवर रिंग ७ आणि ८ वर होती.

आणि नवीन स्विचची चौकशी पाठवताना चार ओळी वाढवा: एसएनएमपी व्ही-थ्री, ६४ बिटी काउंटर, एसएफपीची प्रकाशशक्ती ओआयडीवर, आणि पुरवलेल्या फर्मवेअरच्याच आवृत्तीची एमआयबी फाइल, तिला लागणाऱ्या बाकीच्या फायलींसकट. चौथी ओळ वाचून विक्रेत्याचा फोन येतो, “साहेब, ही फाइल नक्की कशाला लागते?” फाइल हातात पडेपर्यंत ऑर्डरवर सही करू नका.